थांबेल तिथं शीव

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण हेमला नाईकाच्या तांड्याने त्या साली पोटाने शिकली. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. आदल्या साली पाऊस आलाच नव्हता, आणि त्याच्या आदल्या साली आल्यासारखं करून गेला होता. धनजच्या गोदामात अमेरिकेची तांबडी जवारी थप्प्यांनी लागली होती. लोक तिला मिलो म्हणायचे आणि नावं ठेवत ठेवत खायचे. तिची भाकर थापताना फाटायची, घशातून उतरताना खरवडायची, पण पोटाची आग विझायची. ही जवारी आगबोटीत बसून सात समुद्र ओलांडून आली, रेल्वेने आली, ट्रकने आली आणि बोरखडीच्या नाल्यापाशी येऊन अडली. नाल्यात थेंबभर पाणी नव्हतं. कोंबडीची पिलंसुद्धा तो ओलांडून जात. जवारीला मात्र तो ओलांडून तांड्यावर जाता येईना, कारण नाल्यापलीकडे दुसरा जिल्हा लागतो असं महसुलाच्या सर्कलसाहेबांचं म्हणणं पडलं.

आता हा नाला असा, की एका जागी नांदणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मोठ्या पुराच्या साली त्याने कूस बदलली. आधी तो तांड्याच्या उगवतीकडून वळसा घालून जायचा, पुरानंतर मावळतीकडून सरळ वाहू लागला. जुनं पात्र गाळाने भरलं, नांगराखाली गेलं, शिवेचे दगड लोकांनी घराच्या पायाला नेले. नकाशात दोन जिल्ह्यांची हद्द म्हणून एक नाला काढलेला होता, तो कोणता हे नकाशा सांगत नव्हता. आपल्या सर्कलला तो नवा वाटायचा, पलीकडच्या चष्मेवाल्या सर्कलला जुना. दुष्काळाआधी दोघांनाही तांडा आपलाच वाटत असे, कारण तेव्हा शेतसारा घ्यायचा होता. आता खायला घालायचं होतं.

फाल्गुनात तलावाच्या दुष्काळी कामावरच्या हजेरीपटातून तांड्याच्या एकोणतीस घरांची नावं कमी झाली. कारकुनाने लाल शाईने रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'हद्दीबाहेर'. पलीकडे गेले तर तिथला कारकून म्हणाला, तुम्ही आमचे कधी झालात? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली.

तेव्हा हेमला नाईक देवमनकडे आला.

देवमन बोरखडीच्या बौद्धवाड्यातला. वय साठीला टेकलेलं, अंगाने काटक, बोलायला कंजूष. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या शिवेची राखण होती. गावाची हद्द कुठून कुठे जाते, कोणत्या दगडाखाली कोळसा पुरला आहे, कुठे बाभूळ आणि कुठे नुसता खळगा, हे बाप मुलाला चालवून दाखवायचा. दोन गावांचं भांडण झालं की याच घरातला माणूस डोक्यावर माती घेऊन शीव चालायचा आणि तो चालला ती शीव, असं दोन्ही गावं मानायची. मान एवढाच. बाकी तोच माणूस घुंगराची काठी घेऊन दारोदार भाकर मागायचा आणि लोक त्याची सावली चुकवायचे. छप्पन्नच्या दसऱ्याला देवमन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि आल्या दिवशी ती काठी त्याने याच नाल्यात फेकली. गावकी करणार नाही, शिळी भाकर खाणार नाही, डोक्यावर कुणाची माती घेणार नाही. सतरा वर्षं त्याने शब्द पाळला.

त्याचा दंडही भरला. काठी फेकली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावाने बौद्धवाड्याला काम बंद केलं आणि पाणीही. वाड्याची विहीर आटली होती. तेव्हा हेमला नाईकाने सांगावा धाडला, की आमच्या विहिरीवर या. तांड्यातही कुरकुर झाली नाही असं नाही. पण नाईकाचा शब्द म्हणजे शब्द. ते तीन महिने वाड्यातली बाई न् बाई तांड्याच्या विहिरीवर घागर बुडवत होती.

हे हेमला बोलला नाही. तो देवमनच्या ओट्यावर बसला, पागोट्याच्या शेवाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "देवमनभौ, तुह्या बापानं तुले शीव दाखवली होती. आमचा तांडा कोनाचा हाये, एवढं त्याइले सांगून दे."

देवमनला ते पाठ होतं. खरी शीव जुन्या पात्रावरून, तांड्याला उगवतीकडून वळसा घालून जात होती. तांडा आपल्याच जिल्ह्यातला होता. खोटं बोलायचंच नव्हतं, नुसतं खरं सांगायचं होतं. तो दुसऱ्या दिवशी उठून ग्यानबा पाटलाच्या ओसरीवर गेला. तिथे दोन्ही सर्कल चहा पीत बसले होते आणि दोघांनाही हे लचांड कुणाच्या तरी सहीवर एकदाचं मिटायला हवं होतं. देवमन म्हणाला, चला, दाखवतो. सर्कल उठतही होते. पण पाटलाने हात वर केला.

पाटील म्हणाला, नुसतं बोट दाखवलेलं आमच्यात चालत नाही. शीव चालायची असते, डोक्यावर माती घेऊन, अनवाणी, रीतीप्रमाणे. तसं चालला तर दोन्ही गावचे पंच अंगठे देतील, नाही तर कोण देईल? चष्मेवाल्याला ते एकदम पटलं. पंचनाम्याला पंच लागतात आणि पंचांना रीत लागते. सरकारचं काय, कागद पुरा झाल्याशी मतलब. पाटलाच्या डोळ्यांत देवमनला सतरा वर्षांपूर्वीचा तो दसरा लख्ख दिसला. माती घेणार नाही असं सांगून तो माघारी आला.

रविवारी त्याचा मुलगा इंद्रभान घरी आला. तो मंगरूळपीरला एका कचेरीत कारकून होता, पायात बूट घालायचा. त्या दिवसांत तो वेगळ्या विदर्भाच्या सभांनाही जाई, कामरगावात घोषणा देऊन त्याचा घसा बसला होता. मुंबईच्या लोकांना आपलं दुखणं कळत नाही, आपलं राज्य आलं की आपला माणूस बसेल आणि हे हद्दीबिद्दीचं सगळं मिटेल, असं तो जेवताना सांगत राहिला. देवमनने ऐकून घेतलं आणि हात धुता धुता म्हणाला, "त्या राज्यालेबी शीव लागनच ना, बाबू. तिच्या कडंलेबी कोनाचा तरी तांडा असन."

इंद्रभानला हे लागलं. मग त्याने मूळ विषय काढला. "बा, जे त्वा नाल्यात फेकलं, ते आता डोक्यावर घेऊ नको. लोक मले तिथं इचारतीन, तुहा बाप आजूक महारकी करते का."

मुलगा खोटं बोलत नव्हता. तो संध्याकाळच्या गाडीने गेला, तेव्हा चुलीपुढे बसलेली देवमनची बायको भागिरथा पाठमोरीच म्हणाली, "आपल्याले तहान लागली होती, तवा त्या विहिरीनं आपली जात इचारली नाई. आता तुमी आपला मान इचारत बसले."

ही बाई जन्मात दोनदा-तीनदाच असं बोलली असेल. देवमनला झोंबलं, कारण त्याच्या मनात तेच चाललं होतं. तांड्यातून चूल पेटल्याचा धूर चार दिवसांत दिसला नव्हता. त्याने सोमवारी पाटलाला निरोप पाठवला, की चालतो. एवढंच कळवलं, की शपथ घेईन ती माझ्या बापाच्या नावाने, तुमच्या देवाच्या नाही. पाटलाने ते चालवून घेतलं. त्याला माती पुरे होती.

शीव चालण्याचे नियम देवमनला बाराव्या वर्षी बापाने सांगितले होते. थांबायचं नाही, बोलायचं नाही, मागे पाहायचं नाही. थांबेल तिथं शीव. पाय थांबला की चाल संपली, पुढचं तुझ्या हातात नाही. देवमनने आदल्या दिवशी तांड्यावर जाऊन हेमलाला बजावलं, की मी येईन तेव्हा कुणी हाक मारू नका, कुणी बोलू नका. हेमलाने तांड्याला तसं बजावलं. एक गोष्ट मात्र देवमनने सांगितली नाही, कारण ती त्याच्या मनातही आली नाही. त्याने बापाला चालताना पाहिलं होतं, आजाचं ऐकलं होतं. त्यांच्या घरातला माणूस माती घेऊन निघाला की लोक दोन्ही बाजूंना मागे सरत, बायका लेकरं ओढून घेत. असा माणूस चालताना कुणी पुढे येईल, हे त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तीन शिवांच्या दगडापाशी सगळे जमले. दोन्ही सर्कल, त्यांचे शिपाई, दोन्ही गावचे पंच, चुन्याची पाटी घेतलेला एक मजूर. घोंगडीची खोळ करून देवमनने डोक्यावर घेतली आणि ग्यानबा पाटलाने आपल्या हाताने तीत माती घातली, अगदी सावकाश, ओंजळ ओंजळ. सतरा वर्षं घशात अडकलेला घास त्या सकाळी पाटलाच्या घशाखाली उतरला. देवमनने डोळे मिटून घेतले होते. मातीचं ओझं फार नव्हतं, पण मान वाकली ती लाजेने, आणि ती लाज त्याने गिळली.

तो चालू लागला. मागे सर्कल, त्यांच्या मागे चुन्याची रेघ. पहिला पल्ला सोपा होता, मुरमाड बरड आणि मग पळसाची रांग. पळस संपले तिथे पायाखालची जमीन बदलली. नांगरलेल्या मातीतून गुळगुळीत गोटे तळव्याला लागू लागले, तशी त्याला जुन्या पात्राची खात्री पटली. पाय आपोआप वाट काढू लागले. बाप पुढे चालतो आहे आणि आपण मागून, असं त्याला वाटलं आणि कित्येक वर्षांनी त्याला बापाचा राग आला नाही. समोर तांडा दिसू लागला. पहिल्या झोपडीपाशी शीव उगवतीकडे वळत होती. तिथून चारशे पावलं वळसा, मग बाभूळ, मग दुसऱ्या टोकाचा दगड. तेवढं चाललं की एकोणतीस घरं आत.

तांडा ओळीने उभा होता. कुणी हूं का चूं करत नव्हतं. लेकरांच्या तोंडावर आयांचे हात होते.

आणि त्या ओळीतून रुखमाबाई पुढे आली. हेमलाची म्हातारी बायको. अंगावर पेटीतला ठेवणीतला काचेच्या भिंगांचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात घासलेला पितळी तांब्या. तांड्यात मानाचा माणूस आला की नाईकाच्या बायकोने वेशीवर त्याचे पाय धुवायचे, ही त्यांची रीत. आणि आजच्याइतका मानाचा माणूस तांड्यात कधी आला होता? बोलायचं नाही असं नाईकाने सांगितलं होतं, म्हणून ती बोलली नाही. विहिरीच्या तळाशी सकाळी जेवढं पाणी जमलं होतं, त्यातला तांब्याभर घेऊन ती त्याच्या वाटेत वाकली आणि तिने त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

गार पाणी. धुळीने भरलेल्या, भेगा पडलेल्या पायांवर. मग तिने दोन्ही हातांनी त्याची पावलं चोळली आणि ते हात आपल्या कपाळाला लावले.

देवमन थांबला. साठ वर्षांत त्याच्या पायाला कुणी हात लावला नव्हता. सावली पडली म्हणून लोकांनी शिव्या दिल्या होत्या, पावलांच्या खुणा पुसायला लावल्या होत्या असं आजा सांगायचा, आणि इथे दुष्काळातलं पाणी पायांवर ओतून एक म्हातारी ते धूत होती. त्याला भडभडून आलं. चार-पाच श्वास तो तसाच उभा राहिला.

"थांबला," मागून ग्यानबा पाटील म्हणाला.

देवमन भानावर आला. त्याने पाय उचलला, पण पाटलाने आडवा हात धरला होता. चाल संपली होती. रुखमाबाई रिकामा तांब्या घेऊन एकदा पाटलाकडे, एकदा देवमनकडे पाहत होती. तिला काहीच कळलं नव्हतं. देवमन आता बोलला. "साहेब, समोर बाभळीखाली खंदा. हातभर खाली कोळसा निंगन. माह्या बापानं पुरलेला हाये."

सर्कलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. कोळसा हा काही सरकारी पुरावा नव्हे, असं ते म्हणाले. पंच म्हणाले, रीत मोडली, पुढचे अंगठे आम्ही देणार नाही. चष्मेवाल्याने मग तोडगा काढला आणि तो दोघांनाही आवडला. इथपर्यंतची शीव ठरली आहे, पलीकडच्या टोकाचा दगडही ठरलेला आहे. दोन खुणा मिळाल्या की मधे सरळ रेघ. अर्धा भार तुमचा, अर्धा आमचा. मजुराने दोरी धरली आणि चुन्याची रेघ तांड्याच्या मधून ओढली. ती कुणाच्या अंगणातून गेली, कुणाच्या गोठ्यातून, एका ठिकाणी चुलीवरून. बारा घरं अलीकडे राहिली, सतरा पलीकडे गेली. विहीर पलीकडे गेली. हेमला नाईकाचं घर अलीकडे आणि त्याचा मुलगा रूपला, सून हिरीबाई, तीन वर्षांची नात भुरी यांची झोपडी पलीकडे, मधे वीस पावलं.

दुपारी जेवायच्या वेळेला साहेबांची जीप गेली. देवमनच्या डोक्यावर माती तशीच होती. ती शेवटच्या दगडापाशी टाकायची असते, आणि शेवटचा दगड तर आलाच नव्हता. त्याने ती घरी आणली आणि घोंगडीसकट कोपऱ्यात ठेवली.

बारा घरांना कामाची कार्डं मिळाली आणि कार्डामागे जवारी. सतरा घरांचे पुरुष पलीकडच्या कामावर गेले, तर तिथली यादी नवीन नकाशा येईपर्यंत बंद होती. सरकारी काम आणि सहा महिने थांब. सहा महिने थांबायला पोट काही सरकारी नव्हतं. हेमलाने बारा घरांची जवारी आपल्या दारात एका जागी ओतायला लावली आणि एकोणतीस वाटे केले. नाईकाच्या घरात आधी नातीला वाढायचं, तर मग तो नाईक कसला? भुरीच्या वाट्याला तेवढंच आलं जेवढं सगळ्यांच्या लेकरांना आलं, आणि ते कुणालाच पुरत नव्हतं.

त्याहून वाईट पाण्याचं झालं. हजेरीपटातून नावं गेली तरी पाण्याच्या कागदावर तांडा राहून गेला होता, म्हणून आठवड्यातून दोनदा टँकर येऊन तांड्याच्या विहिरीत पाणी ओतून जायचा. रेघ ओढल्यावर ड्रायव्हरने गाडी चुन्यापाशी उभी केली आणि विहीर आमच्या जिल्ह्यात नाही म्हणून फिरवली. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या कागदावर तसं लिहून आलं होतं. बायकांनी नाल्याच्या रेतीत झिरे उकरले. त्यातलं पिवळं, वास मारणारं पाणी फडक्याने गाळून लेकरांना पाजलं. वरून ती खरबरीत जवारी. वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात भुरीला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या मांडीवर गेली.

देवमनला कळलं तेव्हा तो तलावावर माती वाहत होता. तो टोपली टाकून तांड्यावर गेला. विहिरीजवळ बाभळीच्या बुंध्याशी लहानसा खड्डा खणून तिला पुरलं होतं. हिरीबाई रडत नव्हती, नुसती बसली होती. रुखमाबाई त्याला पाहून उठली आणि समोर येऊन उभी राहिली.

"माह्याच हातानं झालं, देवमनभौ. पाणी म्याच टाकलं," ती म्हणाली.

"थांबलो म्या," देवमन म्हणाला.

चार दिवसांनी तांडा उठला. अलीकडची बारा घरंही उठली, कार्डं हातात असताना. हेमलाने सांगितलं की अर्ध्या तांड्याला तांडा म्हणत नाहीत. त्यांनी भांडी, बाजा, दोन मरतुकडे बैल असं जे होतं ते घेतलं आणि ते दक्षिणेकडे गेले. कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. जाताना हेमला देवमनच्या ओट्यावर घटकाभर बसला. मग पागोट्याच्या शेवाने तोंड पुसून उठला.

एवढ्यावर हे मिटायचं. पण कुठल्याशा वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, की अमुक जिल्ह्यात भुकेने मूल दगावलं. जिल्ह्याचं नाव पलीकडचं होतं. वरून विचारणा झाली आणि चष्मेवाल्याची धावपळ उडाली. दुष्काळात एकही माणूस भुकेने मेला नाही असं तो लिहून बसला होता. आता त्याला आठवलं, की शीव पुरी चालून झालीच नव्हती. बाभळीखाली कोळसा आहे हेही आठवलं. त्याने दोन माणसं लावून पोरीची जागा सोडून दुसऱ्या बाजूने खणलं, आणि हातभर खाली काळाभोर कोळसा निघाला. पंचांनाही तो आता दिसला. वरून हुकूम आला, की संयुक्त पाहणी पुन्हा करा.

चष्मेवाला स्वतः देवमनच्या दारात आला, खाली बसला, पाणी मागून प्यायला. राहिलेली चाल पुरी करा, म्हणाला. देवमनला त्याचं कारण कळत नव्हतं असं नाही. तो मूर्ख नव्हता. ही माणसं तांड्यासाठी चारशे पावलं चालू देईनात आणि आता मेलेल्या पोरीला एकमेकांच्या अंगणात लोटायला तीच चारशे पावलं हात जोडून मागत होती. त्याला थुंकावंसं वाटलं.

"जेवढी दाखवीन तेवढी लिहान?" त्याने विचारलं.

"पुरी लिहू," चष्मेवाला म्हणाला.

तो गेल्यावर भागिरथा म्हणाली, "आता कायले चालता? कोन उरलं तथी?"

"पोरगी कोनाची होती, ते तरी कागदावर येऊ दे," देवमन म्हणाला. त्याने कोपऱ्यातली घोंगडी उचलली. माती तीच होती. या खेपेला ती त्याने स्वतःच्या हाताने डोक्यावर घेतली.

जिथे थांबला होता, तिथूनच चाल सुरू करायची होती. आपला सर्कल कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून उभा होता. पाटील आला होता, पण मागे राहिला. देवमन निघाला. पहिल्या झोपडीचं छप्पर बसलं होतं. रुखमाबाई जिथे वाकली होती, तिथली जमीन इतर जमिनीसारखीच कोरडी होती. तिथे त्याचे पाय जड झाले, पण तो थांबला नाही. थांबवायला कुणी पुढे आलं नाही. डाव्या हाताला भरड गाळ, उजव्या हाताला रिकामा तांडा, विझलेल्या चुली, एका अंगणात फुटकी घागर. चुन्याची जुनी रेघ वाऱ्याने पुसट झाली होती. त्याने पूर्ण वळसा घातला, विहीर आत घेतली, रूपलाची झोपडी आत घेतली, बाभूळ गाठली. बाभळीच्या बुंध्याशी मातीचा लहानसा उंचवटा होता. तोही आत घेऊन तो शेवटच्या दगडापर्यंत गेला. एकोणतीस घरं आपल्या जिल्ह्यात आली.

पंचांनी अंगठे दिले. देवमनने सही केली, दीक्षेनंतर तो तेवढं शिकला होता. मृत्यूच्या नोंदीत आपल्या सर्कलने भुरी रूपला, वय तीन, असं लिहिलं आणि कारणाच्या जागी हगवण लिहिलं. देवमन म्हणाला, भूक लिहा. सर्कल म्हणाला, तसा रकाना नाही. मग कारकुनाने हजेरीपट काढला, कारण तांडा आता हद्दीत होता आणि कमी केलेली नावं पुन्हा चढवणं भाग होतं. तो एकेक नाव मोठ्याने वाचत लिहू लागला. हेमला. रुखमाबाई. रूपला. हिरीबाई. सोमला. फाल्गुनात हेच तर मागायला हेमला आला होता. सवयीने कारकून प्रत्येक नावानंतर मान वर करून थांबत होता, आणि समोर देवमनशिवाय कुणी नव्हतं.

एकोणतीस घरांची नावं संपेपर्यंत देवमन उभा राहिला. माती अजून डोक्यावरच होती. ती शेवटच्या दगडापाशी टाकायची रीत, पण तो तिथे न टाकता माघारी वळला. पाटील काही म्हणाला असेल, त्याने ऐकलं नाही. तो बाभळीपाशी गेला, गुडघे टेकून बसला आणि घोंगडीतली माती त्याने भुरीच्या अंगावर हाताने नीट पसरली. मग रिकामी घोंगडी खांद्यावर टाकून तो नाला ओलांडून घरी गेला.